पाचूला आग सोसत नाही

"सोनार कुठे आहेत?"

"समोर."

त्यानं माझ्या मागे पाहिलं, शेजारी पाहिलं, मग नाइलाजानं माझ्याकडे. रत्नागिरीत बायका पाण्याखालची बोट बाहेर काढू शकतील, पण सोनाराची फुंकणी धरणार नाहीत, असं वाटणाऱ्यांचा मला भारी राग येतो.

हा शुभंकर. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर लाँचांचं वेल्डिंग करतो. त्यानं रुमाल सोडला. सोन्याचं जुनं कर्णफूल, मधे पाचू. कडेचे मोहरीहून बारीक सोन्याचे रवे वितळून गोळा झालेले, पाचूच्या कोपऱ्याचा टवका उडालेला.

"कोणी केलं हे?"

"दांडी तुटली होती... मीच जोडली. गॅसवर."

"हे कर्णफूल आहे, लाँच नाही! पाचूला आग सोसत नाही."

"आता कळलं," तो खाली मान घालून म्हणाला. "रविवारी बहिणीचं लग्न आहे. आई हेच घालणार."

मान खाली असली की माणूस इतका देखणा कसा दिसतो? मी 'बघते' म्हणाले.

तो रोज संध्याकाळी येऊ लागला. डिझेलचा वास, गळ्यात वेल्डिंगचा काळा चष्मा. मी सोन्याच्या तारेचे कण कोळशाच्या भुकटीत ठेवून तापवले, तर एकेक कण आपोआप गोल झाला.

"अरे... हे कोणी शिकवलं त्याला?"

"हजारो वर्षांची सवय आहे सोन्याची."

"आणि तुमच्या हातांना?"

मी पुन्हा फुंकणी तोंडाला लावली. कान मात्र तापले.

पाचू आगीविना बसवला. खाली लाख, भोवती शुद्ध सोन्याची पातळ पट्टी, नुसती दाबत दाबत. टवका पट्टीखाली झाकला गेला. तो वाकून बघत होता.

"मी आयुष्यभर जोड मारतोय," तो हळूच म्हणाला. "पण इतका सुंदर जोड पाहिला नाही."

मंगळवारी फूल पूर्ण झालं. मी ते खणात ठेवलं.

"झालं का?" बुधवारी त्यानं विचारलं.

"नाही. लाख ओली आहे."

गुरुवारीही ओली. शुक्रवारीही. फूल दिलं की हा कशाला फिरकणार? पण शनिवारी त्याच्या आईचा विचार येऊन माझीच मला लाज वाटली. मी खणातून फुलाची डबी काढली.

"घ्या. हे... मंगळवारीच झालं होतं."

"माहीत आहे. तुमच्या बाबांनी फोन केला होता तेव्हाच."

आतल्या खोलीत बाबा उगाचच खाकरले.

"मग रोज 'झालं का' कशाला विचारत होतात?"

"काय सांगू... तुम्ही 'नाही' म्हणेपर्यंत जीव टांगणीला लागायचा. एखाद्या दिवशी 'झालं' म्हणाला असतात तर?"

मला हसू आलं, डोळेही भरले.

"मला तुम्ही आवडता, शुभंकर," मी म्हणून टाकलं.

तो लाजला. इतका, की डबी खिशात टाकून सरळ बाहेरच पडला. काउंटरवर त्याचा काळा चष्मा तसाच होता.

"अहो, चष्मा राहिला!"

तो रस्त्यात थांबला, वळला. चेहराभर हसू.

"राहू दे. उद्या लग्नाला येताना घेऊन या. आई वाट बघतेय तुमची."