कानसेन आणि दगडोबा

खोलीच्या मधोमध उभं राहून तिने डोळे मिटले आणि जोरात एक टाळी वाजवली.

टाळी वाजली आणि जागच्या जागी विरून गेली. तिने पुन्हा वाजवली. पुन्हा तेच! सकाळपासून या कॉलेजातल्या प्रत्येक खोलीत ती टाळ्या वाजवत फिरत होती. सभागृहात एका टाळीच्या चार होऊन परत आल्या होत्या, ग्रंथालयात पंखे कण्हत होते, कॉम्प्युटरच्या खोलीत एसीने नुसता उच्छाद मांडला होता. आणि इथे, जिन्याखालच्या या अंधाऱ्या कोपऱ्यात, आवाज कसा स्वच्छ, नितळ! तिने खुशीत येऊन तिसरी टाळी वाजवली.

"धन्यवाद," कपाटामागून कुणीतरी म्हणालं. "पण मी अजून काही बोललोच नाही!"

ती दचकली. कपाटामागून एक तरुण उभा राहिला. कोपरापर्यंत धूळ, चष्मा कपाळावर चढवलेला आणि हातात हातोडी.

"मी... मी खोली तपासत होते."

"टाळ्या वाजवून?"

"रिकाम्या भिंती असल्या की आवाज आपटून परत येतो. मग बोलणारा एकदा बोलतो आणि ऐकणाऱ्याला दोनदा ऐकू येतं. टाळी वाजवली की लगेच कळतं."

"बरं... मग माझी खोली कशी आहे?"

तिने आजूबाजूला पाहिलं. जमिनीपासून छतापर्यंत उघड्या फळ्या, आणि फळ्यांवर दगड. काळे, तांबूस, भुरे, खडबडीत, एकासारखा एक नाही. आवाजाला आपटायला सपाट जागाच नव्हती.

"तुमची खोली फार गुणी आहे," ती म्हणाली.

"चला," तो हसला, "आमच्या विभागात कुणीतरी गुणी निघालं."

तो भूगर्भशास्त्र शिकवायचा. मुलं त्याला मागून 'दगडोबा' म्हणत. ते त्याला माहीत होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. ती आपल्या थोरल्या भावाबरोबर छोट्या-मोठ्या फिल्म करायची. कॅमेरा दादाचा, आवाज तिचा. लहानपणी शेजारच्यांचा नळ गळतोय हे तिला आपल्या घरात बसून कळायचं, तेव्हापासून दादा तिला 'कानसेन' म्हणत होता. यंदा प्रवेश सुरू व्हायच्या आत कॉलेजची एक जाहिरातफिल्म करायचं काम या दोघांकडे आलं होतं.

प्राचार्य मॅडमनी फिल्म मनात आधीच पूर्ण काढून ठेवली होती. आधी फाटक, मग इमारत आकाशातून, मग धावणारी मुलं. "आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ढोल!" त्या टेबलावर बोटांनी ठेका धरत म्हणाल्या. "बोलण्याचं काय, ते नंतर वरून टाकता येतं ना?"

हे वाक्य ती दर कामाला ऐकायची. "मॅडम, ढोल नंतर टाकता येतात," ती शांतपणे म्हणाली. "माणूस नाही येत. तो बोलला तेव्हा पंखा घरघरत असेल तर ती घरघर त्याच्या शब्दांना चिकटते, मग काही केल्या निघत नाही. पालकांना तुमचे शिक्षक नीट ऐकू आले पाहिजेत. सगळ्यांचं बोलणं आपण दगडांच्या खोलीत घेऊ."

"दगडांच्या? ती अडगळ?"

"तिच्याइतकी चांगली खोली तुमच्याकडे दुसरी नाही."

मॅडमनी खांदे उडवले. पण नाही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून अख्खं कॉलेज एकेक करून त्या खोलीत येऊन बोलू लागलं. दगडोबाने आपलं टेबल आनंदाने बाजूला ओढलं. ती काय करते ते तो असा बघत राहायचा, जसं कुणी जादूगाराच्या हातांकडे बघतं. माइक तोंडाच्या इतक्या जवळ का? जवळ असला की माणूस जास्त येतो आणि खोली कमी येते, म्हणून. दारावर चादर का? खालच्या फटीतून व्हरांडा आत येतो, म्हणून. पंखा तर ती सांगायच्या आत तो बंद करायचा. एकदा क्रीडाशिक्षक बोलायला बसले आणि त्यानेच हळूच त्यांना सांगितलं, "सर, खिशातल्या किल्ल्या..." तिने चमकून वर पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता. दोघांनी घाईघाईने नजर दुसरीकडे वळवली.

"आणि सगळे गेल्यावर तुम्ही नुसती शांतता का रेकॉर्ड करता?" त्याने त्या दिवशी विचारलं.

"प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. मधलं एखादं वाक्य कापलं तर तिथे हीच भरावी लागते. दुसरीकडची आणून टाकली तर कानाला खटकते." मग तिने हेडफोन काढले. "ऐकायचीय?"

त्याच्या कपाळावरचा चष्मा आड आला. तिनेच तो अलगद काढून घेतला आणि हेडफोन त्याच्या कानांवर चढवले. तो आधी हसत होता. मग हसू मावळलं, डोळे मोठे झाले. कुठलीतरी फळी करकरत होती. खिडकीबाहेर वाळकं पान फरशीवरून घसटत चाललं होतं. कुणाचा तरी श्वास... त्याने मान वळवली. तिचाच होता.

"हे सगळं रोज होत असतं?" तो कुजबुजला.

"रोज."

"आणि तुम्ही हे सगळं ऐकत राहता... एकट्याच?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती वायर गुंडाळत बसली. आधीच गुंडाळलेली वायर.

"आता माझी पाळी," तो उठला. "डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा तर!"

हातोडीचा हलका ठोका पडला. टण्ण! देवघरातल्या घंटेसारखा लांबलेला. मग दुसरा. बद्द.

"हा दुसरा आजारी आहे," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"आत चीर गेलीय त्याच्या. बाहेरून दोघे जुळे भाऊ वाटतात. मुलांना हे ओळखायला वर्ष लागतं. तुम्हाला—" तो बोलायचा थांबला. तिने डोळे उघडले तेव्हा हातोडी तशीच हातात धरून तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

एका संध्याकाळी सामान आवरताना तो सहज बोलून गेला, "तुमचं काही राहिलं असेल तर यंदाच उरकून घ्या हं. पुढच्या वर्षी फळ्या काढतील. मग ही खोलीही बाकीच्यांसारखी घुमायला लागेल."

"फळ्या का काढतील?"

मग कळलं. दोन वर्षं या विषयाला नवं कुणी आलं नव्हतं. यंदाही नाही आलं तर विभाग बंद. एका खाणकंपनीने त्याला बोलावलं होतं. लांब, कुठल्या कुठे. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता.

"चांगली नोकरी आहे," तो म्हणाला. आवाज असा, की आत चीर आहे हे तिला ठोक्याशिवायही कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्राचार्य मॅडमच्या समोर उभी होती. "मॅडम, तुमच्या फिल्ममध्ये भूगर्भशास्त्र नाहीच आहे."

"अगं बाळ, दगड कोण बघणार?"

"बघायचे नाहीत, ऐकायचेत. अर्धं मिनिट द्या. तुम्हाला नाही आवडलं तर मी स्वतः कापून टाकते."

मॅडमनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अर्धंच हं," त्या म्हणाल्या.

पण कॅमेऱ्यासमोर दगडोबाचा पार दगड झाला! कॉलेजमागच्या टेकडीवर, उघड्या खडकापाशी त्याला उभं केलं, तर हात कुठे ठेवावेत तेच त्याला कळेना. "सदर खडक हा अग्निजन्य स्वरूपाचा असून..." तो म्हणाला, आणि दादाने कॅमेऱ्यामागे कपाळाला हात लावला.

"सर, जरा नेहमीसारखे उभे राहा ना."

"नेहमीसारखाच उभा आहे."

टेकडीवर वारं सुटलं होतं. तिने माइकवर केसाळ टोपी चढवली आणि माइक त्याच्या हनुवटीखाली धरला. तो बिचकून मागे सरला. "हे चावतं का?"

"गप्प राहणाऱ्यांना चावतं," ती म्हणाली. "इकडे बघा. दादाला विसरा."

"मला विसरणं सोपंच असतं," दादा पुटपुटला.

"माझ्याशी बोला. मला काहीच माहीत नाही असं समजा. हा खडक कोण आहे?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग वाकला, खडकावर हात ठेवला. हातोडीचा एक ठोका. वाऱ्यातून तो नाद स्वच्छ निघून गेला.

"हा एकेकाळी वाहत होता," तो म्हणाला. "पाण्यासारखा. लालबुंद. मग थंड होत गेला, थांबला, आणि आपण म्हणायला लागलो, दगड आहे, याला काय कळतंय! आपण जिच्यावर पाय रोवून उभे आहोत ती जमीन कधीतरी धावत होती... हे मला कळलं त्या दिवसापासून मी कंटाळलेलो नाही. एकही दिवस."

वारं वाहत होतं. आवाजाची पातळी बघायची असते हे ती साफ विसरली होती.

"झालं?" दादाने विचारलं.

"हो... पुन्हा एकदा घेऊ या का?"

"का? काही बिघडलं?"

"नाही. काही बिघडलं नाही."

दादाने कॅमेऱ्यावरून मान वर काढली, आधी बहिणीकडे पाहिलं, मग दगडोबाकडे, आणि पुन्हा मान खाली घातली. "घ्या बुवा. दहादा घ्या."

शनिवारी मॅडमना तो तुकडा ऐकवला. संगीत नाही, काही नाही. फक्त ठोका, वारं आणि तो आवाज. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा लाव." पुन्हा लावला. "हे सुरुवातीला घ्या," त्या म्हणाल्या.

"आणि ढोल?"

"शेवटी. थोडेसे."

पुढे त्या विषयाला मुलं आली. वर्ग भरून वाहिला असं नाही, पण विभाग टिकण्यापुरती नक्की आली. मात्र हे पुढचं. रविवारी दुपारी दगडोबा फिल्म बघायला त्यांच्या छोट्याशा स्टुडिओत आला, तेव्हा यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. उद्या सोमवार आहे, एवढंच काय ते माहीत होतं.

फिल्म संपली. दादाला अचानक आठवलं की बॅटऱ्या आणायच्या राहिल्यात. तो गेला. बॅटऱ्यांचा अख्खा खोका टेबलावर तसाच होता.

"उद्या कळवायचंय," दगडोबा म्हणाला.

"हो."

"तुम्हाला काय वाटतं? जाऊ?"

तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचं बोलणं टिपण्यात गेलं होतं. स्वतःचं असं मोठं काही बोलायची वेळच आली नव्हती. तिने एक खोल श्वास घेतला.

"माझ्यासाठी थांबा असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "ते बरोबर नाही. मुलं येतील की नाही, मला माहीत नाही. पण... तुम्ही गेलात तर मला करमणार नाही. फार दिवस करमणार नाही. हे तुम्हाला माहीत नसताना तुम्ही जावं, असं मला वाटत नाही. बस. एवढंच."

तिने मान खाली घातली. कान तापले होते.

"मी सकाळीच नाही म्हणून कळवलंय," तो हळूच म्हणाला.

तिने झटकन वर पाहिलं. "काय? रविवारी? अहो, मुलं नाही आली तर?"

"तर दुसरं काही बघीन. इथेच."

"मग मला कशाला विचारलंत?"

"ऐकायचं होतं."

"म्हणजे मी इथे जीव मुठीत धरून बोलतेय, आणि तुम्ही..." ती रागावायला गेली आणि हसूच फुटलं. तोही हसला. मग हसणं थांबलं, आणि त्याने हात पुढे करून तिचा हात हातात घेतला. त्याचा तळवा खरखरीत होता.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचारा."

"इतके दिवस विचारायचं होतं, पण धीर होत नव्हता." तो थांबला. "तू... तू उद्या दगडांच्या खोलीत येशील?"

त्या एका 'तू'ने तिला काहीतरी व्हायचं ते होऊन गेलं. पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवत होतं, दादा जिन्यात मुद्दाम पाय आपटत वर येत होता. तिला यातलं काही ऐकू आलं नाही.

"येईन," ती म्हणाली. "तू असशील ना?"