दहा वाजून बारा मिनिटं

"माझ्या नवऱ्याला कुणीतरी मारलंय. आणि ज्यानं मारलंय त्याचं तोंड मला बघायचंय," खुर्चीत टेकायच्या आधीच त्या बाई म्हणाल्या.

दादांनी पुढे केलेला पाण्याचा पेला त्यांच्या हातातच राहिला. दादा निवृत्त मास्तर. धाकटी बहीण पूर्वी जहाजांवर इंजिनिअर होती, आता खासगी तपास करायची. तिची पन्नाशी उलटली तरी दादांच्या लेखी ती छोटीच. तिच्या कामाची टिपणं ते काढत. नको तेवढंच नेमकं टिपतात, असं ती म्हणे.

बाईंचा नवरा तेलाच्या धक्क्यावर सुरक्षा निरीक्षक होता. टँकर लागला की तेल भरण्याआधी जहाजाच्या अधिकाऱ्याला सोबत घेऊन दोर, तेलाची नळी म्हणजे होज, पंपरूम असं एकेक डोळ्यांनी बघायचं आणि फॉर्मवर खूण करायची, हे त्याचं काम. सोमवारी तो पंपरूममध्ये उतरला आणि विषारी वायूनं जागीच गेला. कमरेचा गॅसमीटर शून्य दाखवत होता.

"कंपनी म्हणते, अपघात. मीटर बिघडला म्हणे! अहो, ते घरातला बल्बसुद्धा तीनदा तपासून लावायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं धक्क्यावर पोचले. टँकर अजून अडकवून ठेवला होता.

धक्क्यावर निरीक्षकांना मीटर देणाऱ्या बाईंनी पहिल्या वाक्यालाच तोंड सोडलं. "मला दोनदा मेमो दिलाय त्यांनी. रडू येत नाही मला, खोटं कशाला बोलू? पण मीटर चांगला होता. नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांच्यासमोर चाचणीचा वायू सोडला होता."

त्यांच्या नखांना चकचकीत नेलपॉलिश होतं. छोटीनं मीटर उन्हात तिरका धरला, विषारी वायू ओळखणाऱ्या जाळीवर नख घासलं. काचेसारखा पातळ पापुद्रा निघून आला.

"नेलपॉलिश!" दादा कुजबुजले. छोटीनं मीटरची नोंद संगणकावर उघडली. नऊ दहाला विषारी वायू : पंचवीस. त्यानंतर शेवटपर्यंत शून्य. मात्र दहा वाजून बारा मिनिटांनी ज्वालाग्राही वाफेचा आकडा क्षणभर उडी मारून खाली आला होता. दादांनी तो टिपला, कारण नोंदीत दुसरं काहीच नव्हतं.

जहाजाच्या शिडीपाशी काड्यापेट्या आणि फोन काढून घेणारा पहारेकरी बसला होता. विडी ओढताना निरीक्षकानं त्याला पकडलं होतं. आठवडाभर घरी बसवलं होतं.

"सव्वादहाला दोर बघायला एकटेच खाली आले ना, तेव्हा कमरेला मीटर नव्हता," तो म्हणाला. "म्हटलं, आता सापडला! ह्याचीच तक्रार करतो. पण वर जाऊन लावून आले असतील."

जहाजाचा चीफ ऑफिसर मात्र अदबीनं बोलला. "दहा वाजता आम्ही कंट्रोल रूममध्ये बसलो. पावणेअकराला ते पंपरूममध्ये उतरले. मी वर दारात होतो. मीटर? त्यांच्या कमरेलाच. क्षणभरही काढला नाही त्यांनी."

दुपारी छोटीनं कंट्रोल रूममध्ये सगळ्यांना बसवलं. निरीक्षकाची बायको भिंतीला टेकून उभीच राहिली. दाराशी पोलीस होते.

"मीटर देणाऱ्या बाईंवर दादांचा संशय आहे," छोटी म्हणाली. "पण नऊ दहाला मीटर चोख होता. लेप नंतर लागला. ओल्या नेलपॉलिशची वाफ ज्वालाग्राही असते. ती मीटरनं स्वतःच लिहून ठेवली, दहा बाराला. त्या वेळी या बाई धक्क्यावर होत्या, पहारेकरी शिडीपाशी. आणि निरीक्षक मीटर ठेवून दोर बघायला निघाले होते. कुठून? या खोलीतून. इथे मागे कोण राहिलं?"

ती चीफ ऑफिसरकडे वळली.

"मीटर क्षणभरही काढला नाही, असं तुम्ही मला सांगितलंत, चीफ ऑफिसर. पंपरूमचा पंखा बंद करायची कळ याच खोलीत आहे. तिथे वायू साचवायला पंपाचा निचरा उघडावा लागतो, आणि तो उघडायला तुमच्याखेरीज कुणाला परवानगी नाही. आणि पंधरा दिवसांपूर्वी अर्ज करून तुम्ही या जहाजावर बदली मागितलीत. मी जुन्या अपघातांची यादी मागवली. सहा वर्षांपूर्वी एका टँकरला आग लागली, चार जण गेले. त्यात तुमचं आडनाव आहे."

"धाकटा भाऊ," चीफ ऑफिसर म्हणाला. अदब गळून पडली होती. "होजचा जोड गळत होता. यांच्या नवऱ्यानं खुर्चीतून न उठता 'ठीक' अशी खूण केली. चौकशीत नुसती ताकीद मिळाली. ताकीद! माझ्या भावाला आम्ही बुटावरून ओळखलं. सहा वर्षं मी या एका सकाळीसाठी जगलो. मला पश्चात्ताप नाही."

दादांचं पेन थांबलं. भिंतीला टेकलेल्या बाई पुढे आल्या. आता हात उगारतात की काय, असं वाटून दादा अर्धवट उठले.

"माझा नवरा उतरेल, हे तुम्हाला कसं माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"सगळे सांगत होते. हा माणूस प्रत्येक ठिकाणी स्वतः उतरतो."

"त्या आगीनंतर उतरायला लागले," बाई म्हणाल्या. "त्याआधी कधी खुर्ची सोडली नाही. चार जणांची नावं पाकिटात घेऊन फिरायचे. तुमच्या भावाचं सगळ्यात वर, कारण तो सगळ्यात लहान होता. तुम्हाला ज्या माणसाला मारायचं होतं ना, तो सोमवारी उतरलाच नसता. इथेच बसून खूण केली असती त्यानं. तुमच्या सापळ्यात फक्त सुधारलेलाच सापडणार होता."

चीफ ऑफिसरचा चेहरा बघता बघता राखेसारखा झाला.

"मी तुम्हाला माफ करणार नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि तुम्ही लवकर मरू नये, असं मला वाटतं."

पदर सावरून त्या शिडीकडे निघाल्या. पोलिसांनी त्याच्या दंडाला धरलं तेव्हाही तो रिकाम्या दाराकडेच बघत होता.