सातव्या दिवशी थंड पडणाऱ्या चुली

"माझा जावई लबाड आहे का, एवढंच मला सांगा," कॅप्टन म्हणाले.

वहिनींनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. विमा कंपनीत आगीच्या दाव्यांची चौकशी करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. नोकरी सोडल्यावर त्यांनी खासगी तपासाचं हे दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं, आणि सोबतीला धाकट्या दिरांना घेतलं. भाऊजी गाडी चालवत, टिपणं काढत. फक्त कुठलीही गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागे.

"चोरी कशाची झालीय?" भाऊजींनी विचारलं.

"धुराची. न झालेल्या धुराची."

भाऊजींनी पेन खाली ठेवलं.

कॅप्टननी मग सगळं नीट सांगितलं. उभा जन्म त्यांनी विमानं चालवली. निवृत्तीनंतर, आपण आकाशात किती कार्बन सोडला याचा विचार त्यांना टोचू लागला. एक संस्था डोंगरातल्या एका वस्तीत कमी लाकडं खाणाऱ्या चुली वाटत होती. जेवढं लाकूड वाचेल तेवढा कार्बन हवेत जायचा थांबला असं धरून संस्था त्याची प्रमाणपत्रं विके, आणि आपल्या धुराची भरपाई म्हणून लोक ती घेत. कॅप्टननी दरवर्षी घेतली. जावयालाही त्यांनीच तिथे चिकटवलं.

गेल्या महिन्यात ते न कळवता वस्तीत गेले. पहिल्याच घरात नव्या चुलीत कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि शेजारी जुनी चूल धुमसत होती. पुढच्या घरांतही तीच तऱ्हा. संस्थेचे आकडे मात्र सांगत होते की वस्तीतली जवळजवळ प्रत्येक नवी चूल नेमानं पेटते. आकडे जावई आणतो, तेव्हा गडबड त्यानंच केली, असं संस्थेच्या संचालकांचं म्हणणं पडलं.

"लेक माझ्याशी बोलत नाही," कॅप्टन म्हणाले. "मी त्याच्यावर संशय घेतला म्हणून. पण खरं काय ते मला कळलंच पाहिजे."

जावई घरीच भेटला. त्याला कामावरून दूर ठेवलं होतं. त्यानं कोटाच्या बटणाएवढी चकती वहिनींच्या हातावर ठेवली. ही चुलीच्या कडेला बसवायची. पन्नास अंशांच्या वर तापली की चूल पेटली असं समजायचं. चकतीला शेवटचा एक महिनाच लक्षात राहतो. नवं नोंदलं की जुनं पुसलं जातं. महिन्याच्या सुरुवातीला तो घरोघरी जाऊन चकत्या बदली आणि काढलेल्या चकत्या संचालकांच्या हाती देई.

"चुली वापरात नाहीत हे तुम्हाला दिसलं नाही?" वहिनींनी विचारलं.

"दिसलं की. चुलीचं तोंड लहान आहे, त्यांची भांडी त्यावर बसत नाहीत. मी संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, लोक तुला काहीही सांगतील, चकती खोटं बोलत नाही."

निघताना वहिनींनी त्याच्याकडून एक कोरी चकती मागून घेतली.

संस्थेचं ऑफिस एका बेकरीला लागून होतं. ताज्या पावाच्या वासानं भाऊजींच्या पोटात कावळे कोकलायला लागले. संचालक मोठ्या अगत्यानं बोलले. चकत्यांचं लोखंडी कपाट त्यांनी स्वतः दाखवलं. आम्ही ही जागा घेतली तेव्हापासून ते इथेच आहे, म्हणाले. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी परीक्षक बाईंकडे. त्या लहानशा खोलीत भाऊजींना इतकं उकडलं की त्यांनी स्वेटर काढून खुर्चीवर टाकला. वहिनी समोरच्या भिंतीपाशी उभ्या होत्या. तिथल्या फरशीवर एक लांबट चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसत होता.

परीक्षक बाई बाहेरून नेमलेल्या होत्या; या चौकशीसाठी त्यांनाही तिथे बोलावलं होतं. महिनाअखेरीला येऊन त्या चकत्या वाचत. पहिल्या वर्षी आकडे फार कमी होते, संस्था बंद पडायची वेळ आली होती, मग लोकांना सवय झाली असावी, असं त्या म्हणाल्या. त्यांनी पडद्यावर आलेख दाखवला. पहाटेपासून दुपारपर्यंत एकच लांब, बसका उंचवटा. असे सहा दिवस, आणि सातव्या दिवशी चूल थंड.

"सातव्या दिवशी ही माणसं जेवत नाहीत का?" वहिनींनी विचारलं.

उत्तर संचालकांनी दिलं, तेही लगेच. त्या दिवशी अख्खी वस्ती बाजाराला जाते, रात्री उशिरा परतते.

परीक्षक बाईंना मात्र जावयाचाच संशय होता, कारण चकत्या सगळ्या त्याच्या हातून येत. वहिनींनी त्यांना जिन्यात गाठलं आणि हळू आवाजात एक काम सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोघं वस्तीत गेली. तिथे बाजाराचा असा दिवसच नव्हता. भाजीची गाडी एक दिवसाआड दारात येई. बायका म्हणाल्या, चूल रोज पेटते, सकाळी आणि संध्याकाळी, पण ती जुनी.

पुढे दोन दिवसांनी भाऊजी विसरलेला स्वेटर आणायला संस्थेत जाऊन आले. "खोली कसली गार होती! तिथेच चढवला," ते म्हणाले. "आणि बेकरी बंद. पाव आणीन म्हटलं होतं."

वहिनींनी कॅलेंडर पाहिलं आणि त्या स्वतःशीच हसल्या.

महिनाअखेरीला त्यांनी सगळ्यांना त्या कपाटाच्या खोलीत बोलावलं. कॅप्टन एका कोपऱ्यात उभे राहिले, जावई दुसऱ्या. परीक्षक बाईंनी एक चकती वाचली. पडद्यावर तेच बसके उंचवटे उमटले, आणि दर सातव्या दिवशी सपाट रेघ.

"ही चूल कशी वाटते?" वहिनींनी संचालकांना विचारलं.

"उत्तम. नियमित वापर आहे."

"ही चकती कुठल्याच घरात गेलेली नाही. मी ती कोरी मागून घेतली होती. परीक्षक बाईंनी ती या कपाटात ठेवली, बाकीच्यांबरोबर."

वहिनी कपाटाकडे वळल्या.

"भाऊजी, कपाट जरा पुढे ओढा आणि मागच्या भिंतीला हात लावा."

भाऊजींनी हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"पलीकडे बेकरीची भट्टी आहे," वहिनी म्हणाल्या. "लाकडाची चूल झटकन तापते, झटकन निवते, आणि स्वयंपाक दोन वेळा होतो. इथे मात्र पहाटे सुरू होऊन दुपारी निवणारी एकच आच आहे. बेकरीला सुट्टी असते त्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या चुली थंड पडतात. जावयानं आणलेल्या चकत्यांत थंड चुलीच नोंदलेल्या होत्या. महिनाभर त्या इथे पडून राहिल्या, घरातला महिना पुसला गेला आणि कपाटातला नोंदला गेला."

"म्हणजे ही नुसती चूक झाली," संचालक सावरून म्हणाले. "मला काय कल्पना?"

"चूक असती तर तुम्ही दोन थापा मारल्या नसत्या. कपाट पहिल्यापासून इथे नव्हतं. त्या समोरच्या भिंतीशी फरशीवर त्याची जागा अजून उजळ आहे. आणि सातव्या दिवसाबद्दल मी विचारताच तुम्ही नसलेला बाजार काढलात. आलेखातला तो खड्डा तुम्ही आधीच पाहिला होता आणि त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं."

संचालक खुर्चीवर बसले. कपाट ओल आली म्हणून हलवलं होतं, ते खालच्या आवाजात सांगू लागले. मग आकडे वाढले. का वाढले ते काही दिवसांनी कळलं, पण तोवर प्रमाणपत्रं विकली गेली होती. कॅप्टन चौकशी करत आले तेव्हा कुणाचं तरी नाव घेणं भाग पडलं.

परीक्षक बाईंनी तिथेच सांगितलं की सगळी प्रमाणपत्रं रद्द करायला त्या आजच कळवतील, आणि स्वतः वस्तीत कधी गेल्या नाहीत हेही त्यात लिहितील.

"मग मी भरून काढला म्हणालो तो कार्बन?" कॅप्टननी विचारलं.

"हवेतच आहे," वहिनी म्हणाल्या. "कागदावर फिटला होता, तेवढंच."

कॅप्टन जावयासमोर गेले. मी चुकलो, एवढंच त्यांना बोलता आलं. जावयानं मान हलवली, पण तो हसला नाही.

पुढे संस्था परीक्षक बाईंच्या देखरेखीखाली गेली आणि जावयाला काम परत मिळालं. कॅप्टननी जुन्या सहकाऱ्यांबरोबरचा परदेशदौरा रद्द केला. प्रमाणपत्रं हाताशी होती तोवर अशा दौऱ्यांचं त्यांना काही वाटत नसे. एका सकाळी जावई वस्तीत भांड्यांची मापं घ्यायला निघाला, तर कॅप्टन बसच्या थांब्यावर आधीच हजर.

"तुमच्या विमानांचा धूर या चुलींनी फिटायचा नाही," जावई म्हणाला.

"माहीत आहे. फेडायला नाही येत. तुला माप धरायला कुणीतरी लागेल ना?"

बस आली. जावयानं पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारची जागा मोकळी केली.