पुन्हा पहिल्या पानापासून

लातूर-नांदेड बस अहमदपूरच्या स्टँडवर चहासाठी थांबली, तेव्हा कुठं तनुजानं मांडीवरचा स्टीलचा डबा जरा सैल धरला. शेजारचा पोरगा लातूरपासून त्या डब्याकडे बघत होता. दोनदा नजरानजर झाली, दोन्ही वेळा त्यानं खिडकीबाहेर बघण्याचं नाटक केलं... आणि आता मात्र त्याला राहवेना.

“लई जपून राहिलात मॅडम. धपाटे हायत का?”

“मधमाश्या.”

तो चांगलाच दचकला. “जित्या?”

“मेलेल्या. घाबरू नका.”

आता हा उठून मागच्या सीटवर जाणार, असं तिला वाटलं. पण तो हसायला लागला. वाकून त्यानं सीटखालची पिशवी ओढली, तिच्यातून एक प्लास्टिकचा डबा काढला आणि तिच्या डब्याला खेटून ठेवला. झाकणावर मार्करनं लिहिलं होतं – करडई, हदगाव.

“माझ्या पण मेलेल्याच हायत,” तो म्हणाला. “लातूरला एका सरांना दाखवायला आणल्या होत्या.”

तर अशी ही ओळख. कुणाची फुलं देताना होते, कुणाची पुस्तक उसनं घेताना होते. यांची मेलेल्या माश्यांवरून झाली. तनुजा बिराजदार लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि शिरूर अनंतपाळच्या शेतात, वडलांच्या करडईवर कोणत्या माश्या येतात ते मोजायची. हरिओम कल्याणकर तेच हदगावात करत होता. आणि दोघंही निघाले होते नांदेडला, विद्यापीठातल्या सबिहा मॅडमकडे.

मॅडमनी दोन्ही डबे बघितले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, “वेगवेगळं छापाल तर कुणी विचारणार नाही. एकत्र लिहा. एक चांगला लेख होईल.”

झालं. पुढचं सगळं त्या एका लेखानं केलं. वर्षभर दोघं लिहीत राहिले, खोडत राहिले, एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत भांडत राहिले. आणि पुढच्या डिसेंबरात एका चांगल्या नियतकालिकानं लेख स्वीकारला. हरिओमनं बातमी ऐकून विभागाच्या पायऱ्यांवरच पेढ्याचा बॉक्स उघडला. पहिला पेढा तिच्या हातावर ठेवताना त्याची बोटं तिच्या तळहाताला लागली... आणि जरा लागूनच राहिली. तनुजानं पेढा घरी जाऊन खाल्ला.

स्वीकारलेला लेख म्हणजे संपलेला लेख नव्हे. संपादकानं महिन्याची मुदत दिली होती. संदर्भ आमच्या पद्धतीनं लावा, आकृत्या वेगळ्या पाठवा, तक्ते पुन्हा आखा, अशा सूचनांचा ढीग होता. फाईल ऑनलाइन होती, दोघांनाही आपापल्या गावी बसून बदल करता यायचे. पण सबिहा मॅडमचा एक नियम होता. शेवटचं वाचन दोघांनी शेजारी बसून करायचं. एकानं मोठ्यानं वाचायचं, कॉमा आणि फुलस्टॉपसकट, दुसऱ्यानं स्क्रीनवर बोट ठेवून बघायचं. एक जरी चूक सापडली, तरी ती सुधारून पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्या पानापासून. मॅडमच्या स्वतःच्या पहिल्या लेखावर सबिहाचं सबिना छापून आलं होतं. तेव्हापासून त्यांचा एकट्याच्या डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता.

म्हणून तनुजा दर शनिवारी नांदेडला यायची. विभागाच्या खिडकीतून हिवाळ्याचं ऊन टेबलावर पडायचं. ती वाचायची, तो बघायचा.

“कॉमा.”

“हाव.”

“फुलस्टॉप.”

“हाव.”

किती तऱ्हेनं हाव म्हणता येतं, हे तिला त्या दिवसांत कळलं. एक हाव फुलस्टॉपला असायचा. एक तिनं केस कानामागं सारले की यायचा, तेव्हा वाक्य संपलेलंही नसायचं.

पहिल्या शनिवारी एका संदर्भाचं साल चुकलेलं निघालं. दुसऱ्या शनिवारी तक्त्यात गडबड होती. आणि त्याच दुपारी, चहाचा कप फिरवत हरिओम म्हणाला, “बंगळूरला प्रकल्पावर घेतलं मला. दोन वर्षं. जानेवारी संपता संपता जायचंय.”

“वा! अभिनंदन...” तनुजा म्हणाली. आवाज बरा लागला, असं तिला वाटलं.

परतीच्या बसमध्ये तिला सगळा हिशेब लख्ख दिसला. लेख आता नीट झालाय. येत्या शनिवारी चूक सापडणार नाही. फाईल जाईल, हा बंगळूरला जाईल, आणि मग कोणत्या तोंडानं म्हणायचं की मी नांदेडला येते? काय सांगायचं, कशाला येते?

किड्याचं शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरांत लिहायचं असतं, हे तनुजा पोरांना पहिल्याच तासाला शिकवायची. न लिहिणाऱ्याचा मार्क कापायची. त्याच तनुजानं शुक्रवारी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये फाईल उघडली, इकडंतिकडं बघितलं, आणि नवव्या पानावरच्या एका मधमाशीचं नाव सरळ करून टाकलं.

शनिवारी हरिओमचं बोट नवव्या पानावर थांबलं. “थांबा. हे सरळ कसं काय झालं?”

“अय्या... हो की.”

“मग काय. पुन्हा पहिल्या पानापासून.” आणि तो हे बोलला ते असं, जणू कुणी जेवायला वाढलंय.

पुढच्या शनिवारी तनुजाच्या मनात चोर नव्हता. फार झालं, आता प्रामाणिकपणे पाठवायचं, असं ठरवूनच ती आली होती. पण दुसरी आकृती तिसरीच्या जागी आणि तिसरी दुसरीच्या जागी जाऊन बसली होती. हे तिनं केलेलं नव्हतं. तरी तिला इतका आनंद झाला की तो लपवायला खाली वाकून तिनं उगाच चपलेचा पट्टा सारखा केला.

सबिहा मॅडम मात्र दारात उभ्या होत्या. “काल मी बघितलं तेव्हा आकृत्या जागेवर होत्या.” त्या आत आल्या, माऊस हातात घेतला आणि फाईलच्या जुन्या आवृत्त्या उघडल्या. कुणी कधी काय बदललं, ते सगळं तिथं रंगात दिसतं. दोन शिकलेली माणसं, आणि दोघंही हे साफ विसरली होती. नववं पान, गुलाबी रंग: तनुजा. आकृत्या, हिरवा रंग: हरिओम.

“चुका काढणारे लई बघितले मी,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “चुका पेरणारे पहिल्यांदाच बघून राहिले. सोमवारी मुदत संपते, बाबांनो. मी चहा सांगून येते. येईस्तोवर सुधारून, वाचून ठेवा. लेख आज गेला पायजे.”

दार लागलं.

“माशी तुम्ही सरळ केली?” हरिओमनं हळूच विचारलं.

“आणि आकृत्या तुम्ही फिरवल्या?”

दोघं हसले, खूप हसले. तो काहीतरी बोलणार होता. “तनुजा मॅडम, मी...” त्याची नजर टेबलावरच्या बंगळूरच्या पत्राकडे गेली. दोन वर्षांची नोकरी, पुढचं काहीच नक्की नाही. “...मी आकृत्या नीट करतो.”

आधी त्यानं बोलावं, ही तिची हट्टी इच्छा. तिनंही तोंड उघडलं नाही. त्यांनी वाचलं, चूक सापडली नाही, बटण दाबलं गेलं.

स्टँडवर तो सोडायला आला. “पोचल्यावर मेसेज करा.”

“कशाला? फाईल तर गेली.”

हे वाक्य तिला अहमदपूरपर्यंत टोचत राहिलं, आणि पुढं लातूरपर्यंतही.

हरिओम बंगळूरला गेला. संपादकाची पत्रं तनुजाच्या नावावर यायची, तेवढा एक धागा उरला. त्याचा मेसेज यायचा: काही आलं का? ती लिहायची: नाही अजून. बस्स. दोन्हीकडून एवढंच. पण तो मेसेज आला की ती तासाला जाताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची, आणि नाही आला की पोरांवर चिडायची. शनिवार तर खायला उठायचा. कधी ती एकटीच जुनी फाईल उघडून मोठ्यानं वाचायची. कॉमा म्हणून थांबायची... हाव म्हणायला कुणी नसायचं.

फेब्रुवारीत हणमंतरावांनी, तिच्या वडलांनी, निलंग्याच्या एका स्थळाचा विषय काढला. “पोरगा बरा हाय. बघून तर घे.”

“बाबा, माझा लेख छापून येऊ द्या. मग बोलू.”

आणि दोनच दिवसांत छपाईचं प्रूफ आलं.

तनुजा तेव्हा शिरूरला होती, करडईच्या काढणीला. ज्या मेलची ती इतके दिवस वाट बघत होती, तीच आता नकोशी झाली. हे पाठवलं की लेख संपला. शेवटचा धागाही संपला. तिनं प्रूफ हरिओमला पुढं पाठवलं, खाली लिहिलं – शिरूरला आहे, करडई चालू आहे. उत्तर आलं: पाहिलं.

पाहिलं! एवढंच! ती रात्रभर त्या एका शब्दाशी भांडली. दुसऱ्या दिवशी दुपारी हाताला गुंडाळलेलं फडकं सोडून ती बांधावर गेली आणि तिनं फोन लावला.

“ऐका. मधी बोलू नका,” ती म्हणाली. “या प्रूफात मी चूक केली न्हाई. एक पण न्हाई. मला आता चुकीशिवाय बोलायचंय. मला तुमची लई आठवण येती. लेखासाठी न्हाई... तुमची. घरात स्थळं बघायलेत आन् मला तुम्ही पायजे. एवढंच. आता बोला.”

पलीकडून नुसता घरघर आवाज येत होता.

“हरिओम?”

“हाव,” तो म्हणाला. हा हाव तिनं याआधी ऐकला नव्हता. “मी बसमध्ये हाय. उदगीर सोडलं आत्ताच.”

“उदगीर? तिथं काय करायलात?”

“प्रूफ एकट्यानं वाचायचं नसतं ना. मेल आली तशी रातची गाडी धरली.” तो थांबला. “दोन वर्षं थांबाल का, हे विचारायला येऊन राहिलो होतो. रस्ताभर पाठ करून राहिलो होतो... आन् तुम्ही आधीच बोलून गेल्या.”

ऊन उतरायला लागलं तेव्हा तो बांधावरून आला. करडईचे काटे चुकवत, पँट सावरत, आणि छातीशी एक डबा धरून.

“डब्यात काय हाय?” तनुजानं विचारलं. डोळे भरले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

“या टायमाला खायचंच हाय. म्हैसूरपाक.”

हणमंतरावांनी विळा खाली ठेवला. “पाव्हणे कोन म्हनायचे?”

“बाबा, हे माझ्या लेखातले दुसरे.”

“आन् पयलं कोन?”

“मी.”

म्हाताऱ्यानं एकदा लेकीकडे बघितलं, एकदा डब्याकडे, आणि “पानी आनतो,” म्हणून तो सावकाश, मुद्दाम लांबच्या वाटेनं विहिरीकडे निघाला.

दोघं बाभळीखाली बसले. तनुजानं फोनवर प्रूफ उघडलं. तिनं शीर्षक वाचलं, कॉमासकट. मग त्याखालची ओळ आली. तिचं नाव, आणि त्याला लागूनच त्याचं. मोठ्यानं हे तिनं कितीतरी शनिवारी वाचलं होतं, पण आज त्या दोन नावांपाशी ती थांबली.

“परत वाच,” हरिओम म्हणाला.

वाच. तुम्ही नाही, मॅडम नाही. नुसतं वाच.

“का? चूक हाय का?”

“न्हाई,” तो म्हणाला. “चूक न्हाई. तरी परत वाच.”

तनुजानं डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.