उपाशी चिलखत

गिरधर मिस्त्रीच्या नाकावर राग असायचा, आणि त्याबद्दल त्याला कधी वाईट वाटलं नाही. धुळ्याला पांझरेकाठच्या एका प्रेसमध्ये वीस वर्षं त्याने कापसाच्या गाठी दाबायचं यंत्र सांभाळलं होतं. यंत्राशी गोड बोलून चालत नाही, असं तो म्हणे, आणि माणसांशी तर मुळीच नाही. एकोणीसशे त्रेचाळीसच्या वैशाखात रागाला कारणंही ढीगभर होती. जपानशी लढाई जुंपल्यापासून खानदेशचा आखूड धाग्याचा कापूस घ्यायला कुणी उरलं नव्हतं. प्रेस आठवड्यातून दोन दिवस चाले. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे धाकटा भाऊ पंडित घरात कुणाला न विचारता पलटणीत नाव घालून आला होता.

मायबाप तापाच्या साथीत गेले तेव्हा पंडित रांगत होता. थोरली बहीण भिकुबाई, म्हणजे अक्का, आणि गिरधर, दोघांनी त्याला वाढवला. आता लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी पलटणीचा तळ पडला होता, आणि पावसाळा संपला की ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणार होती. गिरधर दोन दिवस नुसता ओरडत होता. पंडितवर, भरतीच्या जमादारावर, सरकारवर. रणगाड्याला चार बोटं जाड पोलाद, आणि शिपायाच्या छातीवर काय, तर खाकी सदरा आणि सायबाचा आशीर्वाद. तिसऱ्या दिवशी तो पेन्सिल घेऊन बसला.

त्याने काढलेलं चिलखत धुळ्यातच काय, विलायतेतही कुणी पाहिलं नसेल. पिंजलेल्या कापसाचे थर, मध्ये पिंपळनेरकडच्या पळसाची लाख, आणि ते सगळं तापलेल्या प्रेसमध्ये दाबून माशाच्या खवल्यांसारखे पत्रे. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत अंगभर. खांद्याला आणि कोपराला असे सांधे, की माणूस धावेल, रांगेल, झाडावर चढेल. तोंडापुढे काच, काचेखाली विषारी धूर गाळायला कापसाची पट्टी. वजन अवघं चौदा शेर.

कागद पाहून मुख्तार पिंजारी म्हणाला, "मिस्त्री, हा कुठल्या मुलखाचा माणूस?"

"मुलखाचा नाही, काळाचा," गिरधर म्हणाला. "पन्नास वर्षांनी बठ्ठे, झाडून सारे शिपाई असेच दिसतील. तू कापूस पिंज, तोंड चालवू नको."

तळावरच्या कप्तानाने हातभर पत्र्यावर गोळी झाडून पाहिली. गोळी अर्ध्यात अडकली. कप्तान खूष झाला. आधी एक पुरं चिलखत करा, ते कसोटीला उतरलं की चाळीस घेऊ, आणि ती घालून पंडितचीच तुकडी पुढे जाईल, असं तो म्हणाला. चाळिसांतलं एक पंडितचं. बाकीच्या एकोणचाळिसांशी गिरधरला काही देणंघेणं नव्हतं, आणि हे तो उघड बोलून दाखवी.

आतलं अस्तर भिकुबाईने शिवलं. गोधडी शिवावी तसंच, जुन्या धोतरांचे तुकडे जोडून, बारीक धावदोऱ्याने. शेवटची कड मिटवण्याआधी तिने भाकरीचा सुपारीएवढा तुकडा आत सारला. तिची आईही तसंच करायची, तिच्या आईची आईही.

"गोधडीले उपाशी शिवतस नही रे, गिरधर," ती म्हणाली. "उपाशी गोधडी पांघरनारले खास."

उपाशी गोधडी पांघरणाऱ्यालाच खाते, हे गिरधरने ऐकून सोडून दिलं. लहानपणापासून ऐकलेलंच होतं.

पण कप्तानाने तपासणीला कड उसवली आणि भाकरीचा वाळका तुकडा बाहेर निघाला. दोन बोटांत धरून त्याने तो साऱ्या तळाला दाखवला. "मिस्त्री का खाना," तो म्हणाला, आणि शंभर माणसं हसली. पंडितही खाली मान घालून हसला. खाण्याच्या वस्तूला बुरशी लागते, किडे होतात, असलं अडाणी काम पुन्हा चालणार नाही, असं कप्तानाने मोडक्या हिंदुस्थानीत सुनावलं. आयुष्यात एक गाठ न उचललेला माणूस गिरधर मिस्त्रीला कापूस शिकवत होता.

तळपायाची आग मस्तकात घेऊन गिरधर घरी आला आणि सगळी अक्कावर काढली. नको नको ते बोलला. तुझ्या खुळ्या रीतींनी माझी अब्रू घालवली, म्हणाला. भिकुबाईने पुन्हा भाकरीचा तुकडा पुढे केला तो त्याने कोंबड्यांना फेकला, सुई हिसकली आणि कड स्वतः शिवली. एकेक टाका दातओठ खात घातला. आत काही ठेवलं नाही.

पहिल्या कसोटीला चिलखत खांबावर टांगून सहा गोळ्या झाडल्या. आरपार एकही गेली नाही. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. गिरधर पुढे होऊन गोळ्या काढायला गेला, तर एकही गोळी नव्हती. पत्र्यात नाही, अस्तरात नाही, खाली मातीत नाही. जिथे लागल्या तिथे भोकसुद्धा नव्हतं. चिलखत काट्यावर घातलं, वजन चौदा शेर. गुंजभर जास्त नाही.

"बहुत अच्छा," कप्तान म्हणाला. त्याला गोळ्या अडल्याशी मतलब. त्या कुठे गेल्या, हे त्याने विचारलंच नाही.

मुख्तारने मात्र पत्र्यावर तळवा ठेवला आणि झटकन काढून घेतला. "चाळीस वर्सं कापूस पिंजतोय मी, मिस्त्री. कापूस गोळी अडवेल. पचवणार नाही."

"उन्हाने तापलंय ते," गिरधर खेकसला. चिलखत सकाळपासून सावलीत होतं, हे त्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यात बोकड बांधला. बोकड भारी माजोरी होता. दोन पहारेकऱ्यांना त्याने शिंगांवर घेतलं होतं, चौघांनी धरला तेव्हा कुठे आत गेला. तीन गोळ्या झाडल्या. सोडला तेव्हा त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. तो सोडला तिथेच उभा राहिला. पाला पुढे टाकला, त्याने तोंड लावलं नाही. कुणीतरी शेपटी पिरगाळली, तो वळला नाही. आचारी सुरा घेऊन आला आणि सुरा गळ्याला टेकला, तरी बोकडाने मान मागे घेतली नाही. डोळे उघडे होते.

"घाबरलाय," गिरधर म्हणाला.

"घाबरलेलं जनावर थरथरतं," मुख्तार म्हणाला. "ह्याला बघा."

आता माणसावर कसोटी, असं कप्तानाने जाहीर केलं. परवा, भर दुपारी. कारागिराचाच भाऊ पलटणीत आहे, मग दुसरा कशाला शोधायचा. पंडित छाती काढून पुढे झाला.

गिरधर भांडला. सांधे कच्चे आहेत म्हणाला, लाख नीट वाळली नाही म्हणाला. खरं कारण त्याच्या जिभेवर होतं आणि जीभ रेटत नव्हती. कप्तानाने ते त्याच्या तोंडावरून वाचलं. "क्या मिस्त्री, रोटी नहीं डाली इसलिये?" पुन्हा तेच हसू. गिरधरला वाटलं, ह्या माणसाच्या नरडीला हात घालावा.

पंडितने त्याला बाजूला घेतलं. "तुना हातनं शे ना, भाऊ? मंग मी काबर घाबरू?"

"अक्कल गहाण टाकेल शे तुनी," गिरधर म्हणाला.

कसोटीच्या सकाळी भिकुबाईने काही न विचारता त्याच्या हातात भाकरीचा तुकडा ठेवला. "त्यामा घाल. मंग कोनलेबी घालू दे."

तळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो कात्री घेऊन बसला. स्वतः शिवलेली कड शोधू लागला. ती उजव्या बगलेखाली असायला हवी होती. तिथे नव्हती. त्याने अस्तर पूर्ण उलटं केलं, बोटाबोटाने चाचपलं. एक टाका हाताला लागेना. धोतरांचे जोडसुद्धा गेले होते. सगळं एकसंध, गुळगुळीत. कात्रीचं टोक रोवलं तर सरकून गेलं.

आतून ऊब येत होती.

मग गिरधरला इतका राग आला, की आयुष्यात आला नव्हता. कप्तानाचा, पलटणीचा, हसणाऱ्या पंडितचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या हातांचा. चिलखताला घासच हवा ना, मग माझा घेऊ दे. पोट भरलं की पंडितला तोंड लावणार नाही. हा त्याचा हिशेब. दुसरा सुचला नाही.

"आमच्यात करणाऱ्याने आधी अंगावर घालायचं असतं," त्याने कप्तानाला सांगितलं. अशी रीत कुठेच नव्हती. कप्तानाने खांदे उडवले.

दुपारच्या उन्हात त्याने चिलखत चढवलं. मुख्तारने नाड्या बांधल्या. पन्नास पावलांवर तीन बंदुका.

आत गार नव्हतं, गरमही नव्हतं. लहानपणी तापात अक्का पांघरूण घालून थोपटायची, तसं वाटत होतं.

पहिली गोळी लागली. थोपटल्यासारखीच.

त्याने कप्तानाचं हसू आठवून पाहिलं. आठवलं. पण त्यात चिडण्यासारखं काय होतं, ते सापडेना.

दुसरी गोळी.

पंडितने नाव घातलं तो दिवस. आपण ओरडलो होतो. कशासाठी बरं.

तिसरी.

नाड्या सुटल्या. गिरधर बाहेर आला. अंगावर ओरखडा नव्हता. ऊन छान पडलं होतं. मुख्तारने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

"कैसा है, मिस्त्री?" कप्तानाने विचारलं.

"ठीक आहे, साहेब."

कुंपणापलीकडे भिकुबाई उभी होती. तिने तिथूनच विचारलं, "गिरधर, त्यानं पोट भरनं का रे?"

गिरधरने चिलखत हातावर तोलून पाहिलं. मग खरं तेच सांगितलं.

"नही, अक्का. अजून उपाशी शे."

"मंग पंडितले नको घालू."

अक्काचं म्हणणं बरोबर आहे, असं गिरधरला वाटलं. त्यावर काहीतरी करायला हवं होतं, पण काय, ते त्याला उमजेना. पंडित समोर येऊन उभा होताच. गिरधरने त्याला आत घातलं आणि नाड्या बांधायला घेतल्या. पाठीच्या, मग खांद्याच्या. भिकुबाई कुंपणाची तार धरून ओरडत होती. पहारेकरी तिला मागे ढकलत होते.

"भाऊ," पंडित हळूच म्हणाला. काचेआडून तो त्याच्या तोंडाकडे पाहत होता. "काही बोल ना. शिव्या तरी दे."

गिरधरने क्षणभर विचार केला. एकही शिवी आठवली नाही.

शेवटची नाडी मनगटाची होती. पंडितचा हात एवढा थरथरत होता की गाठ बसेना. गिरधरने तो अलगद हातात धरला आणि थरथर थांबेपर्यंत निवांत उभा राहिला. मग गाठ मारली, बाजूला झाला आणि कप्तानाला खूण केली.