खोलीतलं खोलीत

खुर्ची त्यानं ओढली नाही, उचलली.

बायकांच्या वॉर्डातल्या त्या लोखंडी खुर्च्या फरशीवरून ओढल्या की झोपलेली माणसंही दचकतात. तरी येणारा प्रत्येक जण ओढतोच. यानं दोन्ही हातांनी खुर्ची उचलली, जनाबाईंच्या खाटेच्या एका बाजूला ठेवली, मग जरा विचार करून दुसऱ्या बाजूला नेली. आधीच्या जागी खिडकी त्याच्या पाठीशी येत होती. त्याच्याकडे बघताना जनाबाईंना उन्हानं डोळे बारीक करावे लागले असते.

मी सुई आणि काचेची नळी घेऊन दारातच थांबले. निरीक्षणाची सवय मला शिक्षणानंच लावलेली. पण निरीक्षण करताना स्वतःचे गाल का तापावेत, हे आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं...

"या ना सिस्टर," तो उठून म्हणाला.

"मी सिस्टर नाही. लॅबची आहे. यांचं रक्त घ्यायचंय."

"रक्त? मग मी जरा—"

तो 'जरा'च्या पुढे गेला नाही. मी सुई टोचली, नळीत लाल रेघ चढू लागली, आणि तो पांढराफटक होऊन खुर्चीत बसला.

"अवं बाई, आधी त्याले पाह्य!" जनाबाई ओरडल्या. मग मोकळा हात त्याच्या डोक्यावर ठेवून म्हणाल्या, "घाबरू नको गा बापू. काई दुखत नाई मले."

धीर द्यायला आलेला माणूस धीर घेऊन गेला.

तो शहात्तर सालचा हिवाळा होता. आमच्या मिशन दवाखान्यात तरुण पाळकांसाठी प्रशिक्षण सुरू झालं होतं. बायबल त्यांना येत होतं, प्रवचनही येत होतं. आजारी माणसाच्या खाटेशी बसावं कसं, एवढंच शिकायचं होतं. शिकवायला बाबाराव सर होते, निवृत्त पाळक. उपदेश नको, घाई नको, 'काहून', म्हणजे 'का', असं विचारायचं नाही, आणि समोरचा गप्प झाला तर आपणही गप्प बसायचं, असं त्यांचं सांगणं. ते मला ठाऊक होतं, कारण त्यांचा वर्ग लॅबच्या शेजारच्याच खोलीत भरे आणि मधली भिंत अगदी पातळ होती. पण लॅबमधलं रक्त फिरवायचं मशीन सुरू असलं की पलीकडचं काही ऐकू येत नसे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यामागच्या चहाच्या टपरीवर तो माझ्या आधीच उभा होता.

"काल पडलो नाही मी," तो म्हणाला. "बसलो."

"नोंद घेतली. नाव?"

"मधुसूदन."

"ख्रिस्ती पाळक आणि मधुसूदन?"

"आजोबांचं नाव. खाप्याचे विणकर होते. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनचे साहेब म्हणाले, नाव बदला. आजोबा म्हणाले, मागावर लुगडं आहे, तेवढं उतरू द्या. ते लुगडं काही उतरलंच नाही." तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या किंचित आधी मिटतो, हे मला तेव्हा कळलं. "आणि तुम्हाला काय म्हणायचं? सिस्टर तर चालत नाही."

"पुष्पलता."

"मी लॅबवाल्या बाई म्हणतो."

"ते लांबलचक नाही का?"

"आहे ना," तो कपात बघत म्हणाला. "म्हणायला वेळ जास्त लागतो."

मग रोजच चहाच्या वेळी आमची गाठ पडू लागली. सकाळचं धुकं, टपरीवरची वाफ, आवारातल्या संत्र्याच्या झाडांना नुकत्या आलेल्या फुलांचा वास... सगळं एकमेकांत मिसळून जाई. लॅबमध्ये परतल्यावर मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसे आणि बराच वेळ भिंग फिरवायचंच विसरून जाई.

घरी मात्र भिलाईचं स्थळ आलेलं होतं. इंजिनियर, मोठं क्वार्टर, देवभीरू माणसं. खोट काढायला जागाच नव्हती. आई दर जेवणाला विचारायची, "काय कळवू त्यांना?" आणि मी म्हणायची, "विचार करून राहिले ना." नाताळ येऊन गेला, तरी मी विचारच करून राहिले होते.

अशातच एका दुपारी बाबाराव सर लॅबच्या दारात आले.

"पुष्पलता, आमच्या सरावाला एक रुग्ण कमी पडतोय. येतेस? तुझ्या पायाचं ऑपरेशन सांगितलंय आणि तुझा निर्णय होत नाही, एवढं धर. बाकी मनाचं बोल."

मी हातातलं काम संपवून गेले, तोवर सरांच्या सूचना सांगून झाल्या होत्या. समोरच्या खुर्चीत मधुसूदन होता. बाकीचे पाच-सहा पाळक भिंतीशी.

"कसं वाटतंय?" त्यानं विचारलं.

"सगळे म्हणतात, करून टाक," मी सुरुवात केली. "चांगलंच होईल म्हणतात. आई तर तारीख धरून बसलीय."

"आई तारीख धरून बसल्यात. आणि तुम्ही?"

"मी... मला कळत नाही. नाही म्हणायला कारणच नाही. माणूस वाईट नाही."

भिंतीशी कुणी हललंही नाही. त्यांना वाटलं, मी डॉक्टरांबद्दल बोलतेय. मधुसूदनच्या पापण्या मात्र एकदा वर उचलल्या गेल्या आणि तशाच राहिल्या. पुढे तो काही बोलला नाही. मीही नाही.

शेवटी मीच म्हणाले, "कारण नसलं तरी माणसाला नाही म्हणता येतं का हो?"

"तुम्हाला म्हणावंसं वाटतंय," तो हळूच म्हणाला.

सरांनी घड्याळ बघितलं. सराव संपला.

त्याला कळलं होतं. खात्री होती माझी. रात्रभर मी त्याच्या उद्याच्या वाक्याची वाट बघितली. आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर तो म्हणाला, "यंदा संत्र्याला बहर चांगला आहे, नाही?"

त्यानंतर कन्हान नदीचं पाणी. मग खाप्याची थंडी. पुन्हा संत्री! आठवडाभर त्यानं त्या दुपारचा शब्दही काढला नाही. माझ्यासाठी जे मन उघडणं होतं, ते त्याच्यासाठी शिकवणीतलं एक गणित होतं तर. सुटलं, पान उलटलं. मी चहाची वेळ बदलली.

शनिवारी आई म्हणाली, "आज संध्याकाळपर्यंत सांग. होकार असला, तर उद्या आपल्या सदर भागातल्या चर्चमध्ये तुमचं लग्न ठरल्याची पहिली घोषणा वाचतील. तो खाप्याचा पाळक वाचणार आहे म्हणे सूचना. आवाज छान आहे त्याचा."

मी काही न खाताच दवाखान्यात आले.

जनाबाईंना घरी सोडायचं होतं. शेवटचं रक्त घ्यायला गेले, तर त्या फुरंगटून बसलेल्या.

"तुह्या त्या पाळकाले काई समजत नाई वं," त्या म्हणाल्या. "सुनेचं सारं गाऱ्हाणं मी त्याच्यापाशी सांगतलं. रडली मी त्याच्यापुढं. काल सून आली, तर हा तिले म्हणते, बसा, पाणी घ्या! म्या म्हटलं, अरे, बोल ना तिले दोन शब्द! तर म्हणते, आजी, आधी तुम्ही विषय काढसाल तवाच मी बोलीन. तुमचं तुमच्यापाशी, मी बाहेर काढू शकत नाई. त्यायच्या सरानं म्हणे तशी शपथच घातली हाये."

सुई माझ्या हातात तशीच राहिली.

"टोच ना वं. का तुले बी चक्कर आली?"

बाहेर माघातला अवेळी पाऊस भुरभुरू लागला होता. तो लॅबच्या व्हरांड्यात उभा होता. बहुधा माझीच वाट बघत, कारण तिथे दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं.

"त्या दिवशी त्या खोलीत," मी थेट म्हणाले, "मी पायाबद्दल बोलत नव्हते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी सावकाश म्हणाला, "आपण आता खोलीबाहेर आहोत. आणि विषय तुम्ही काढलाय. बरोबर?"

"बरोबर."

त्यानं इतका मोठा श्वास सोडला, की जणू आठवडाभर तो कोंडूनच ठेवला होता.

"कळलं होतं. 'माणूस वाईट नाही' म्हणालात, तेव्हाच. रोज टपरीवर येत होतो, की आज तरी बाई विषय काढतील. तुम्ही तर येणंच बंद केलं."

"तुम्ही संत्र्यांवर बोलत होता!"

"मग काय बोलू मी? एकच गोष्ट होती मनात अन् तीच बोलायची मनाई. मले तर झोप नाही लागून राहिली जी!"

मला हसू आलं. डोळ्यांतही काही आलं. पावसाचं असेल.

"उद्या माझं नाव तुमच्या हातात आलं असतं, तर वाचलं असतं?"

"वाचलं असतं." तो थांबला. "आवाज कसा निघाला असता, ते नाही सांगता येत."

"मग आता तरी सांगा. मी काय करू?"

"ते नाही सांगणार."

"सरांचा नियम?"

"नाही, माझा. मी म्हणालो म्हणून तुम्ही ठरवलंत, तर ते माझं ठरवणं होईल. मला काय हवंय, तेवढं सांगतो." त्याचे कान लाल झाले होते. "मला तुम्ही हव्यात. पगार थोडा आहे, बदल्या फार आहेत, रक्त बघवत नाही. आता... पुढचं तुमचं."

आणि तो गप्प झाला. पत्र्यावरून पाणी ओघळत होतं, ओल्या फुलांचा वास व्हरांड्यात शिरत होता. तो घाई करत नव्हता. इतक्या महिन्यांत मला कुणी असा वेळ दिला नव्हता. मनात कितीतरी दिवस गढूळ फिरत असलेलं हळूहळू खाली बसत गेलं, आणि वर उरलं ते अगदी स्वच्छ होतं.

"उद्या काही वाचू नका," मी म्हणाले. "भिलाईला नकार कळव, असं मी आज आईला सांगणार आहे. आणि लग्न... लग्न मी तुमच्याशी करणार आहे."