धुक्यातला लाल दिवा

जेवणानंतर भाऊजींना डुलकी लागायची आणि त्या डुलकीत जगातली सगळी कोडी सुटायची. जाग आली की उत्तर मात्र विसरलेलं असायचं. त्या दुपारी दारावरची घंटा वाजली, ती त्यांनी स्वप्नातल्या आगगाडीला देऊन टाकली. डोळे उघडले तेव्हा समोरच्या खुर्चीत एक बाई बसली होती आणि वहिनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवत होत्या.

वहिनींनी तीस वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. निवृत्तीनंतर त्या खाजगी तपास करत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, आयुष्यभर नकाशे काढलेले. त्यांची रेघ सरळ, पण डोकं रमतगमत चालणारं, असं वहिनी चारचौघांत सांगत आणि भाऊजी मान डोलावत.

"मला सगळे सिस्टर म्हणतात," ती बाई म्हणाली. "हॉस्पिटलात नर्स आहे. मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपबरोबर पहिल्यांदाच गेले. आमच्या पाच गाड्या होत्या. घाटात दाट धुकं होतं, आमच्यातल्या मास्तरांना मागून कुणाची तरी धडक बसली. मांडीचं हाड मोडलंय त्यांचं. पोलीस म्हणतात, त्यांच्या मागे मीच होते."

"होतात का?"

"निघताना होते. तसा फोटोच आहे. पुढे धुक्यात कोण कुठे होतं, काही कळलंच नाही." तिने तो पुढे केला. सगळ्यात पुढे ग्रुपचा म्होरक्या, कॅप्टन. मग मास्तर, सिस्टर, बेकरीवाला आणि शेवटी घड्याळजी. "माझ्या गाडीवर पुढे एक ओरखडाही आहे. जुना आहे, पण कोण ऐकतंय?"

"धडक जाणवली?"

"नाही हो. समोर एक लाल दिवा होता, त्याच्या मागे मी चालले होते. एकदम मागे हॉर्न ऐकू आले म्हणून थांबले. तो दिवा शेवटपर्यंत दिसत होता. पोलीस म्हणतात, धुक्यात असे भास होतात." तिचा आवाज खाली गेला. "आता मलाही तसंच वाटायला लागलंय. परवा आरोपपत्र जाणार. गुन्हा शाबीत झाला तर माझी नोंदणी रद्द होईल. पण त्याहून वाईट म्हणजे मीच केलं असेल तर? मला ते कळायला हवं, वहिनी."

ती पहिल्याच भेटीत वहिनी म्हणाली, यातच भाऊजी अर्धे विरघळले.

कॅप्टनचं टायरचं दुकान होतं. रबराच्या वासात बसून तो अगदी पाठ केल्यासारखा बोलला.

"आमचं सगळं कायदेशीर असतं. रस्त्याची लेखी परवानगी, त्या रस्त्यापुरता ग्रुपचा विमा, आणि प्रत्येकाची सही, की काही झालं तर जबाबदारी ज्याची त्याची. पॉलिसी बघितल्याशिवाय मी कुणाला रांगेत घेत नाही."

"सगळ्यांच्या बघितल्या?"

"घड्याळजी सोडून. तो जुना माणूस, त्याचं काय बघायचं?"

"आणि फी घेता?"

"माणशी थोडीशी. चहापाण्याची."

"रांग कशी चालते तुमची?"

कॅप्टन खुलला. "वळण आलं की मी बोट दाखवतो. माझ्या मागचा तिथेच थांबतो, बाकीच्यांना वाट दाखवतो. घड्याळजी कायम शेवटी, ते आमचं शेपूट. ते दिसलं की थांबलेला माणूस त्याच्या पुढे रांगेत शिरतो. चुकायची भीतीच नाही."

"म्हणजे प्रत्येक वळणाला रांग बदलते!" भाऊजी खुर्चीतून उठलेच. त्यांना स्वतःच्या हुशारीचा क्वचितच अनुभव येई.

"अपघातापर्यंत वळणं किती?" वहिनींनी विचारलं.

"तीन. पाणचक्की, पूल, पेट्रोल पंप. परवानगीच्या नकाशात बघा."

घरी भाऊजींनी टेबलावर पाच बटणं मांडली. पहिल्या वळणाला मास्तर मागे गेले, दुसऱ्याला सिस्टर, तिसऱ्याला बेकरीवाला. शेवटचं बटण ठेवून त्यांनी बघितलं तर पुढे कॅप्टन, मग मास्तर, त्यांच्या मागे सिस्टर. रांग होती तिथे परत आली होती.

"फिरून फिरून भोपळे चौकात!" ते हताश होऊन म्हणाले. "वहिनी, पोरीनेच मारली हो धडक."

"बटणं तशीच राहू द्या," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरी. भट्टीची ऊब, पावाचा वास आणि मालक नखशिखांत पांढरा. दाराशी त्याचे प्रवासाचे बूटही पांढरे. भाऊजींनी एक उचलून झटकला, पण पीठ काही उडालं नाही, ते कडक झालं होतं.

"मी मागे हॉर्न ऐकले," बेकरीवाला म्हणाला. "गाडी वळवली नि परत आलो, तर मास्तर खाली पडलेले. घड्याळजी त्यांच्याजवळ उभे होते."

"वाट दाखवायला कितीदा थांबलात?"

"एकदाच." मग त्याने पावाच्या ट्रेकडे बघितलं. "बाकी कॅप्टनला विचारा. त्याने सांगितलंय, एकाच तोंडाने बोलायचं."

घड्याळजींच्या दुकानात भिंतभर घड्याळं होती आणि सगळी एकच वेळ दाखवत होती. त्या टिकटिकीत भाऊजींच्या पापण्या जड झाल्या. दाराशी घड्याळजींची मोटरसायकल उभी होती. टाकीचा रंग विटलेला, सीट फाटलेली, पुढच्या चाकावरचा मडगार्ड मात्र आरशासारखा चकाकत होता.

"काय लखलखतोय!" भाऊजी कौतुकाने म्हणाले.

"जुना गंजला होता," घड्याळजी म्हणाले. डोळ्याला भिंग तसंच होतं. "मी सगळ्यात शेवटी पोचलो. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं."

"पॉलिसी बघू तुमची?"

"घरी आहे."

हॉस्पिटलात मास्तर औषधाच्या गुंगीत होते. पाय वजनाला टांगलेला, चेहरा शांत, वर्गात शेवटच्या तासाला बसल्यासारखा.

"मास्तर, धडक कुणाची?"

"मागून आली... दिसलं नाही." ते छताकडे बघत पुटपुटले. "मी दोनदा उभा होतो. एकदा पाणचक्कीपाशी. मग सगळं पांढरं झालं... पिवळा खांब... त्याच्यापाशी एकटा उभा होतो. कुणी येईच ना. मला वाटलं, मी मेलोय."

"बिचारे बरळताहेत," भाऊजी बाहेर येऊन म्हणाले.

वहिनींनी गाडी घाटाकडे घेतली. भाऊजींना अर्थातच झोप लागली. जाग आली तेव्हा गाडी उभी होती आणि काचेबाहेर काहीच नव्हतं. जमीन पांढरी, हवा पांढरी, आवाज नाही. आपण अजून स्वप्नातच आहोत, आणि स्वप्न बरं आहे, असं त्यांना वाटलं. मग धुकं जरा हललं आणि समोर एक पिवळा खांब दिसला. खांबापलीकडून वहिनी चालत आल्या. त्यांच्या चपला पांढऱ्या चिखलाने माखल्या होत्या.

"चुनखडीची खाण," त्या म्हणाल्या. "रस्ता वाहनांना बंद आहे, पाटी आहे तशी. भाऊजी, घरी गेलात की बटणं आणखी एकदा फिरवा. एकदाच."

दुपारी मास्तरांच्या खाटेभोवती सगळे जमले. मास्तर आता शुद्धीवर होते. सिस्टर भिंतीला टेकून उभी होती, कॅप्टन मोबाइल चाळत होता.

"सिस्टरने दोन गोष्टी सांगितल्या," वहिनींनी सुरुवात केली. "पुढचा लाल दिवा शेवटपर्यंत दिसत होता आणि हॉर्न मागून आले. तिने मास्तरांना पाडलं असतं, तर दिवा त्यांच्याबरोबर पडला असता. तो भास समजला गेला, कारण मास्तर तिच्या पुढेच होते असं सगळे धरून चालले होते."

"होतेच," कॅप्टन म्हणाला. "तीन वळणं. हिशेब करा."

"भाऊजींनी केला. मग बेकरीवाले गाडी वळवून परत कसे आले? तुमच्या हिशेबात ते मास्तरांच्या मागे होते. त्यांनी सरळ पुढे यायला हवं होतं."

बेकरीवाल्याने कपाळावर हात मारला.

"आणि मास्तर दोनदा वाट दाखवायला थांबले. तीन वळणांत तीन माणसं एकेकदाच थांबतात. पहिला माणूस पुन्हा थांबतो तो चौथ्या वळणाला. तो पिवळा खांब खाणीतून मुख्य रस्त्याला लागताना आहे. कॅप्टन, तुम्ही पेट्रोल पंपापर्यंत गेलाच नाहीत. पुलानंतर खाणीत शिरलात, तिथे बेकरीवाले थांबले. त्यांच्या बुटांवर पीठ नाही, चुनखडी आहे. खाणीतून बाहेर पडताना मास्तर थांबले. चार वळणं."

"अर्धा तास वाचत होता," कॅप्टन म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "परवानगीबाहेरचा रस्ता म्हटलं की ग्रुपचा विमा हातचा गेला असता. अपघात तर मुख्य रस्त्यावरच झाला. म्हटलं, एका वळणाने काय बिघडतं?"

"एका वळणाने माणूस बदलला! आणि त्या सह्यांवर विसंबू नका. सही घेतली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. फी घेतलीत, म्हणजे आयोजक तुम्ही. बंद रस्त्याचा जाब तुम्हाला द्यावाच लागेल." वहिनी वळल्या. "भाऊजी, चार वळणांनंतर रांग सांगा."

भाऊजी उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना उत्तर जागेपणी आठवत होतं. "पुढे कॅप्टन. लाल दिवा त्यांचा. मागे सिस्टर, मग बेकरीवाले, मग मास्तर. आणि मास्तरांच्या मागे..." ते थांबले. त्यांना वाईट वाटलं. "शेपूट."

सगळे घड्याळजींकडे वळले.

"गंजक्या गाडीला एकच नवा मडगार्ड," वहिनी म्हणाल्या. "सुटे भाग विकणाऱ्याच्या पावतीवर तारीख आहे, अपघातानंतरचा दुसरा दिवस. आणि तुमची पॉलिसी घरी नाही, घड्याळजी. ती अपघाताच्या अकरा दिवस आधीच संपली होती. मी तुमच्या कंपनीत विचारलं."

"सेकंदाचा फरक मला झोपू देत नाही," घड्याळजी हळू म्हणाले, "आणि तारीख विसरलो. भरपाई अंगावर आली असती, दुकान गेलं असतं." मग त्यांनी सिस्टरकडे अर्धवट बघितलं. "तुमची पॉलिसी चालू होती ना. पैसे कंपनी भरणार. मला वाटलं, तुमचं काय जाणार आहे?"

सिस्टर भिंतीपासून पुढे आली.

"पैसे कंपनी भरते," ती म्हणाली. "गुन्हा कंपनी घेत नाही. सतरा दिवस मी डोळे मिटले की मास्तर माझ्या चाकाखाली येत होते. मी त्यांच्याच वॉर्डात ड्यूटी मागून घेतली, माहितीये? पाप फिटावं म्हणून. रोज पट्ट्या मीच बदलल्या त्यांच्या."

"मी उद्या सकाळी पोलिसांत लिहून देतो," घड्याळजी म्हणाले.

"ते द्यालच. आधी इथे सांगा. मास्तरांकडे बघून."

घड्याळजी खाटेजवळ गेले. "मास्तर, धडक माझी होती. हिची नाही."

मास्तरांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, मग सिस्टरकडे बघून हात पुढे केला. ती खाटेशेजारच्या स्टुलावर बसली आणि तिने तो हात धरला. डोकं हळूहळू गादीच्या कडेला टेकलं आणि ती झोपी गेली.

भाऊजींना झोपेतलं सगळं कळत असे. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि एकेकाला हाताने दार दाखवलं.